अळीचं माहेर

आमच्या घरात पुढून शिरलं की औषधाचा वास यायचा आणि मागून शिरलं की फोडणीचा. पुढच्या खोलीत बाबांचं दुकान होतं. बियाणं, खतं, फवारणीचे पंप आणि पिकावर मारायची औषधं. विष हा शब्द आमच्याकडे कोणी उच्चारत नसे, ते औषधच. सकाळी सकाळी लोक बिघडलेले पंप घेऊन यायचे, बाबा त्यातला वायसर बदलून पाण्यावर चालवून बघायचे आणि त्या फस्स फस्स आवाजानं मला जाग यायची. दुकान आणि घर यांच्या मधे आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा होता. आई त्या पडद्यापलीकडे कधी गेली नाही. तिचं माहेर महानुभाव पंथाचं, वर्षातून एकदा रिद्धपूरला जाऊन यायची आणि चुलीपुढे मुंग्यांची रांग लागली तर सरपण बाजूला घेऊन बसायची. अशा बाईचं लग्न औषधाच्या दुकानात झालं होतं. त्याबद्दल ती बाबांना कधी एक शब्द बोलली नाही. चहा तेवढा पडद्यातून हात काढून द्यायची, आणि जेवायच्या आधी बाबांनी परसात जाऊन राखेनं तीनदा हात धुतले की नाही हे बघायची. दोनदाच धुतले असं वाटलं तर ताट वाढत नसे. बाबा निमूटपणे परत जायचे. मला ते दोघं त्या हात धुण्यात जितके जवळचे वाटायचे तितके एरवी कधी वाटले नाहीत.

गाव धामणगाव रेल्वेहून एसटीनं अर्ध्या तासावर. काळी जमीन, जिकडे बघावं तिकडे पऱ्हाटी, म्हणजे कापूस. मी एकुलती एक. गावातून अमरावतीला बी.एस्सी.ला गेलेली पहिली मुलगी, हे बाबा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, ज्याला आधी चारदा सांगून झालं होतं त्यालाही. लोक त्यांना पुंडलिकभाऊ म्हणत. त्यांचा शब्द गावात चालायचा. कोणत्या वावरात काय मारायचं, किती मारायचं, हे लोक त्यांना विचारून ठरवत. वावर म्हणजे शेत, हे पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगते.

त्या सुमारास एक नवं औषध आलं होतं. पहिल्या वर्षी त्यानं कमाल केली. बोंडं पोखरणारी अळी सकाळी झाडाखाली सडा पडल्यासारखी पडलेली असायची. लोक बाबांना पेढे देऊन गेले. दुसऱ्या वर्षी एकाऐवजी तीन फवारे लागले. तिसऱ्या वर्षी फवारे किती मारले हे कोणी मोजायचंही सोडून दिलं, आणि अळी आपली बोंडात बसून खात होती. मग गावात कुजबुज सुरू झाली की पुंडलिकभाऊ औषधात पाणी घालतो. तोंडावर कोणी बोललं नाही. पण लोक बाटली हातात घेऊन उजेडासमोर धरायला लागले. काहीजण धामणगावहून औषध आणायला लागले आणि तिकडच्या औषधानंही अळी मेली नाही हे मात्र कोणी गावात सांगितलं नाही. बाबांनी एक दिवस चार लोकांसमोर बंद खोकं फोडलं, त्यांच्यासमोरच आमच्या तीन एकरांत फवारा मारला. दुसऱ्या दिवशी तेच चौघं बघायला आले. अळी जिवंत होती. बाबांनी एक अळी तळहातावर घेतली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. त्या दिवसापासून ते दुकानात येणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता त्याच्या हाताकडे बघायला लागले, बाटली उजेडाकडे जाते का ते.

हे सगळं मला आईच्या पत्रांतून कळायचं. आणि त्याच वर्षी कॉलेजमध्ये आमच्या सरांनी नैसर्गिक निवड शिकवली. परदेशातल्या पतंगांची, पक्ष्यांच्या चोचींची उदाहरणं फळ्यावर होती. मी वहीत ती उतरवून घेत होते आणि मधेच माझा हात थांबला. मला आमची अळी दिसली. औषध खोटं नव्हतं. औषध खरं होतं म्हणूनच हे झालं होतं. हजार अळ्यांत दोन-चार अशा असणार की ज्यांना जन्मतःच ते औषध लागत नाही. बाकीच्या मेल्या, रान मोकळं झालं, आणि पुढची सगळी पिढी त्या दोन-चारांची. मला इतका आनंद झाला की शेजारच्या मुलीनं विचारलं, काय गं, हसतेस कशाला? बाबांचं नाव धुऊन निघणार होतं. पोळ्याच्या सुटीत मी ती वही पिशवीत सगळ्यात वर ठेवून घरी गेले.

पहिल्याच जेवणाला मी सांगायला बसले. अंबाडीची भाजी होती, भाकर होती, बाबांना आवडणारा तिळाचा ठेचा होता. बाबा एक कान माझ्याकडे आणि एक दुकानाच्या दाराकडे ठेवून जेवत होते.

"म्हंजे अळीले सवय झाली," ते म्हणाले.

सवय नाही, मी म्हटलं. ज्या अळीवर फवारा पडला तिला सवय व्हायला वेळच मिळत नाही, ती मरते.

"मंग शिकली म्हन."

शिकलीही नाही. मी वही उघडली, आकृती दाखवली. बाबांनी आकृतीकडे पाहिलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "ते पुस्तक अमरावतीचं हाये, पोरी. हे अळी इथली हाये." मग कोणीतरी दाराशी आलं म्हणून ते अर्ध्या ताटावरून उठले. मी रागानं वही मिटली. आता लिहिताना त्या रागाची लाज वाटते, पण तो होता, आणि पुढे जे झालं त्यात त्याचा वाटा आहे.

पुढे तीस वर्षं मी अकोल्याला प्राणिशास्त्र शिकवलं. दरवर्षी पेपर तपासताना तेच वाक्य भेटायचं: अळीने औषधाशी जुळवून घेतले. चांगल्या चांगल्या मुलांच्या पेपरात. माणसाला असं वाटतंच की कोणीतरी काहीतरी ठरवून केल्याशिवाय जगात काही घडत नाही. तेव्हा बाबांचं काय चुकलं होतं?

त्या सुटीत मला वाट दाखवली ती आईच्या दोडक्यानं. आमच्या परसात दोडक्याचा वेल होता आणि दरवर्षी त्यावरचं सगळ्यात सरळ, सगळ्यात लांब दोडकं आई बियाण्यासाठी राखायची. त्याला लाल चिंधी बांधून ठेवायची. चिंधी बांधलेलं दोडकं तोडायची कोणाची हिंमत नव्हती. बाकीची भाजीत जायची, ते एक वेलावर वाळायचं, आणि पुढच्या वर्षीचा सगळा वेल त्याचा. सकाळी दात घासताना मी त्या चिंधीकडे बघत उभी होते. दोडक्यानं काय केलं होतं? काही नाही. ते तसं आलं होतं आणि बाकीची तोडली गेली. मी आईला म्हटलं, बाबाही असंच करून राहिले, फक्त चिंधी अळीला बांधून राहिले. आईनं वेलावरचा हात काढला आणि म्हणाली, "हे त्याईले सांगू नोको." मग थोड्या वेळानं म्हणाली, "सांगशीन तं हसत सांगजो."

हसत सांगायची आमच्याकडे एकच हक्काची जागा होती, ती म्हणजे पोळा. पोळ्याला गावातल्या सगळ्या बैलजोड्या मारुतीच्या पारापुढे आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली ओळीनं उभ्या राहतात, अंगावर झुली, शिंगांना बेगड. आणि बैल सुटायच्या आधी माणसं झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चार ओळींची, दहा ओळींची तुकबंदी, त्यात पाटलापासून तलाठ्यापर्यंत कोणाचीही खोड काढायची मुभा. त्या दिवशी कोणी राग धरायचा नाही. आमच्या गावची आणखी एक रीत होती, जी मी पुढे दुसऱ्या कुठल्या गावी पाहिली नाही. ज्याची खोड काढली त्याचं शेवटी नाव घेऊन त्याला राम राम घालायचा. नाव न घेता टोमणा मारणं हे भित्र्याचं काम समजत. आणि ज्याचं नाव आलं त्यानं एक तर उत्तराची झडती म्हणावी, नाही तर बैलाच्या पायाला हात लावून हार मानावी.

गावात सगळ्यात चांगली झडती म्हणायचे ते गफूरचाचा. हिवाळ्यात गाद्यांचा कापूस पिंजायचे, बाकी वर्षभर स्वतःचं चार एकर वावर कसायचे. बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. बाटली उजेडाला न धरता औषध घेऊन जाणारे गावात जे मोजके उरले होते त्यांतले एक. आवाज असा की पारावरून म्हणाले तर नाल्यापलीकडे ऐकू जावा, पण लिहिता-वाचता येत नसे. मी दोन दिवस बसून अळीच्या तोंडची झडती लिहिली आणि ते नाल्यात बैल धूत होते तिथे जाऊन वाचून दाखवली. त्यांनी बैलाची पाठ घासता घासता ऐकली आणि विचारलं, "बेटा, हे अळी लय हुशार हाये का?"

"नाई चाचा. तिले काईच समजत नाई. बाकीच्या मेल्या, हे उरली."

"आन मिजास अशी मारते का सारं इनंच केलं." ते घासायचे थांबले आणि मोठ्यानं हसायला लागले. गावात एक जण होता, चुलते-पुतणे सगळे निवर्तल्यावर आख्खी शेती त्याच्या एकट्याच्या वाट्याला आली होती आणि तो पारावर बसून लोकांना शेती कशी वाढवावी ते शिकवायचा. चाचांना तो आठवला. मला जे वहीभर आकृत्या काढून बाबांना सांगता आलं नव्हतं, ते चाचांना एका मिजासखोर अळीनं सांगितलं. तीन वेळा ऐकून त्यांची झडती तोंडपाठ झाली. शेवटी त्यांनी विचारलं, "नाव कोनाचं घ्याचं?" मी लिहिताना नुसतं दुकानवाला असं लिहिलं होतं. गावात दुकान एकच होतं. मी म्हटलं, तुमाले वाटल ते घ्या. चाचांना वाटलं, मित्राची बदनामी धुऊन काढायची तर त्याचं नाव घ्यायलाच पाहिजे. मला काय वाटलं होतं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं होतं, घेऊ देत. जेवताना ऐकलं नाही ना, आता गावासमोर ऐकतील.

पोळ्याच्या दिवशी घरात पुरण शिजत होतं, भजी-वड्यांचा घाणा चालू होता. दुपार कलल्यावर मी इतर मुलींबरोबर पाराशेजारच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. बाबा आमच्या जोडीची वेसण धरून ओळीत उभे होते. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती, नवं धोतर आणि मानेवर घट्ट बसलेली टोपी. दोन-तीन झडत्या झाल्या, त्यातली एक सरपंचावर होती. मग गफूरचाचा पुढे आले. त्यांनी खांदे उडवले, मान तिरकी केली, आणि बायकी आवाज न काढता, आपल्याच भारदस्त आवाजात एखादी सधन बाई बोलावी तशी सुरुवात केली:

मी बोंडातली अळी बाई, गोत माहं मोठं,
पऱ्हाटीच्या बोंडाबोंडात आमचं भरलं कोठं.
आलं एक औषध नवं, झाला हाहाकार,
हजारातून उरलो आमी मोजून दोन-चार.

लोक हसायला लागले. चाचांनी हात कमरेवर ठेवला.

नाई केली कसरत म्या, नाई गेली शाळा,
जल्मापासून जाड कातडं, औषधाले टाळा.
नरम होते ते मेले सारे, वारस मीच झाली,
दहा एकर पऱ्हाटी माह्या नावानं आली.
लेकरं माहे माह्यावानी, एकही नाई नरम,
मिजास करतो आता आमी, कायची आली शरम.

(कातड्याचं शास्त्र इतकं सोपं नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण झडतीत यमक लागतं.) तो वारसदार गृहस्थ पारावर बसला होता, त्याच्याकडे बघून लोक आणखी हसत होते. मग चाचांनी हसू थांबवलं, हात वर केला आणि पुढचं अगदी सावकाश म्हटलं:

पानी नोयतं औषधात, औषध होतं खरं,
खोटं असतं तं भाऊबंदही जगले असते बरं.

मला दिसत होतं, माणसं ते मनात घोळवत होती. खोटं औषध असतं तर पहिल्या वर्षी झाडाखाली सडा कशाचा पडला होता? एकेक डोकं बाबांकडे वळायला लागलं, आणि त्या नजरेत कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच संशय नव्हता. मला वाटलं तिथंच थांबावं चाचांनी. पण मीच पुढं लिहिलं होतं.

आठवड्याच्या आठवड्याले नवा मले आहेर,
दुकानवाला बाप माहा, दुकान माहं माहेर.

हशा असा उसळला की बैल बिचकले. त्या हशातच चाचांनी प्रेमानं, दोन्ही हात जोडून म्हटलं, "पुंडलिकभाऊ, घ्या राम राम."

बाबांची पाठ हलली नाही. लोक उत्तराच्या झडतीची वाट बघत होते. बाबा झडतीतले नव्हतेच, जन्मात कधी म्हटली नव्हती. थोड्या वेळानं ते वाकले आणि आमच्या पांढऱ्या बैलाच्या पायाला त्यांनी हात लावला. लोकांनी महादेवाचा गजर केला, तोरण तुटलं, बैल सुटले. दोघं-तिघं बाबांच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलून गेले. त्यांच्यातल्या एकानं आदल्या महिन्यात बाटली उजेडाला धरली होती. नाव धुऊन निघालं होतं. आणि मी ओट्यावर उभी होते, मला हवं होतं ते सगळं झालं होतं आणि बाबा वाकले होते.

घरी बैल आले, आईनं त्यांना ओवाळलं नाही, तिच्या पंथात ते बसत नाही, पण पुरणाचा घास तिनं स्वतःच्या हातानं भरवला. बाबा जेवायला बसले. राखेनं हात धुऊन आले होते, तीनदा. पुरणपोळीचा एक तुकडा मोडून म्हणाले, "लिवलं तू ना?" मी हो म्हटलं. "आहेर-माहेर गफूरच्या डोक्यातून निघत नाई," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेले तर ते दोडक्याच्या वेलापाशी उभे होते. आईनं त्यांना सांगितलं असणार. लाल चिंधीला बोट लावून ते म्हणाले, "तीन वर्सं चिंधी मीच बांधली म्हंजे."

तेव्हा मी त्यांना सांगायला हवं होतं की तुम्ही एकट्यानं नाही बांधली, सगळ्या जिल्ह्यानं बांधली, ज्यांनी ते औषध बनवलं त्यांनी बांधली. हे मी पुढे वर्गात कितीदा सांगितलं. त्या सकाळी सुचलं नाही.

त्याच दुपारी एक जण दुप्पट औषध मागायला आला. पडद्याआडून मी ऐकलं, बाबा त्याला म्हणाले, पहिले वावरात जाऊन बोंडं मोडून पाय, अळी किती हाये ते मले येऊन सांग, मंग ठरवू. तो माणूस कुरकुरत गेला. पुढची काही वर्षं बाबा असंच करत राहिले. काही लोक दुसरीकडे गेले, काही टिकले. अळी संपली नाही, हे सांगायला हवं. ती कधीच संपत नाही. आता अकोल्यातल्या माझ्या घराच्या गच्चीवरून दिसणाऱ्या शेतांत नवी सरकी आहे, नवी अळी आहे, आणि लोक तसेच बाटली हातात घेऊन बोलतात. मागे एका शिबिरात मी ती झडती म्हणून दाखवली तर एक तरुण प्राध्यापक म्हणाले, मॅडम, शास्त्रात अळीला असं बोलायला लावू नये, गैरसमज होतात. बरोबर आहे त्यांचं. बोलायला लावली की ती शहाणी वाटते. म्हणून तर मी तिला मूर्ख आणि मिजासखोर ठेवली होती. पण बोलायला लावल्यावर ती कोणाला बाप म्हणेल याचा विचार करायला हवा होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी मी अमरावतीला निघाले. बाबा मला सायकलवर डबल बसवून फाट्यापर्यंत सोडायला आले. वाटेत दोन्हीकडे पऱ्हाटीला पिवळी फुलं आली होती. फाट्यावर एसटीची वाट बघताना ते कडुलिंबाखाली उभे राहिले, माझी पिशवी दोन्ही हातांनी धरून. मग म्हणाले, "मले येकट्याले सांगाचं होतं, पोरी."

"सांगतलं होतं, बाबा."

एसटी आली. त्यांनी पिशवी आत चढवून दिली, खाली उतरले आणि मी खिडकीशी बसल्यावर खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा ते म्हणाले, "हो. सांगतलं होतं तू. म्या आयकलं नाई." गाडी हलली तरी त्यांनी गज सोडला नाही, दहा-वीस पावलं गाडीबरोबर चालत आले, आणि मग जरा मोठ्यानं, इंजिनाच्या आवाजावरून मला ऐकू यावं म्हणून म्हणाले, "आन आहेर-माहेर आलं ना, तवा सगळ्याईच्या आंधी मीच हसलो होतो. तुले पाठीमांगून दिसलं नसन."

मी खिडकीतून हात बाहेर काढला, पण तोवर ते मागे राहिले होते. धामणगाव येईपर्यंत मी रडत होते.